थांबायला लागणारा वेळ

आमची कंपनी प्रेस बनवायची. छपाईचा प्रेस नव्हे, पत्रा कापणारा आणि वाकवणारा. वरून माणसाच्या उंचीएवढा लोखंडी ठोकळा खाली येतो, खालच्या साच्यावर आपटतो आणि मधला पत्रा हव्या त्या आकारात निघतो. त्या एका येण्याजाण्याला आम्ही ठोका म्हणायचो. मी तिथे स्टोअर सांभाळायचो, म्हणजे सुट्या भागांचं कोठार. ज्याची ही गोष्ट आहे तो फिटर. बावीस वर्षं दुपारी माझ्यासमोर डबा उघडून बसलेला माणूस.

त्याला सगळे कानसेन म्हणायचे. गिऱ्हाइकाचा फोन आला की हा म्हणायचा, "फोन मशीनजवळ धरा." मग डोळे मिटून ऐकायचा आणि सांगायचा, डावीकडचं बेअरिंग गेलंय, किंवा, पट्टा सैल आहे, आजचा दिवस निघेल. प्रत्यक्ष गेला तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचा आणि मूठ कानाला. लोक हसायचे. पण त्याचं निदान चुकल्याचं मला आठवत नाही. मशीन बंद ठेवा असं त्याने म्हटलं की मालक मुकाट्याने बंद ठेवायचे.

मग कंपनीने मशीन विकणं सोडलं.

म्हणजे प्रेस बनत होतेच, पण ते आता गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये नुसते ठेवायचे. मालकी आमची. देखभाल आमची, तेल आमचं, भाग आमचे, बिघाड झाला तर डोकेदुखीही आमची. गिऱ्हाइकाने ठोक्याप्रमाणे पैसे द्यायचे. करारात लिहिलेलं असायचं की महिन्यातले अठ्ठ्याण्णव टक्के तास मशीन चालू राहील. कागदावर हे सगळ्यांच्याच सोयीचं होतं. छोट्या कारखानदाराला एवढं महाग मशीन विकत घ्यायला नको आणि आम्हाला दर महिन्याला खात्रीचं काम. पहिल्या सभेत मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

प्रत्येक मशीनला सेन्सर लागले. वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी करून तिथे पडदे बसवले. अकरा फिटरांतले सात घरी गेले. उरलेल्यांपैकी कानसेनला त्या खोलीत खुर्ची मिळाली. तापमान, कंप, तेलाचा दाब, सगळं समोर आकड्यांत. फक्त आवाज नव्हता. आवाजाची गरज नाही, असं ठरलं होतं.

पहिल्या आठवड्यात मी विचारलं, "कसं काय वाटतंय वर?"

"मशीनचा नातेवाईक झालोय," तो म्हणाला. "दवाखान्याबाहेर बसायचं. काचेतून बघायचं. आत सोडत नाहीत."

माझ्या स्टोअरमध्येही फरक पडला. पूर्वी ब्रेकच्या लायनरचे, म्हणजे घासून झिजणाऱ्या अस्तराचे, आठ-दहा संच फळीवर असायचे. आता भाग गरजेपुरताच मागवायचा असा नियम आला. आलेल्या प्रत्येक संचावर कुठल्या गिऱ्हाइकासाठी ते आधीच ठरलेलं असायचं. मोठ्या गिऱ्हाइकांच्या नावाची पिवळी चिठ्ठी लागली की त्याला हात लावायचा नाही.

या सगळ्यावर एक साहेब होते, सेवा विभागाचे. त्यांना आम्ही टक्केसाहेब म्हणायचो. खाबूगिरीशी त्याचा संबंध नाही, माणूस त्या बाबतीत स्वच्छ होता. पण सकाळी जिन्यात भेटले तरी "काल सत्त्याण्णव पॉइंट सहा" असं म्हणायचे. नमस्कार नंतर.

आता सतरा नंबरचं सांगतो.

सतरा नंबरचा प्रेस शहराबाहेर, बसने दोन तासांवर, दाराच्या बिजागऱ्या बनवणाऱ्या एका शेडमध्ये होता. तो कानसेननेच बसवला होता. तीन दिवस तिथे राहिला होता. त्या मशीनवर एक बाई काम करणार होती, चाळिशीची, नवरा नसलेली, थोरल्या बहिणीकडे राहणारी. शेडमधले सगळे तिला ताई म्हणायचे, मालकसुद्धा. पत्रा हाताने साच्यात ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, ठोका पडला की तुकडा काढायचा. दिवसाला तीन-साडेतीन हजार वेळा.

साच्यापुढे प्रकाशाचा पडदा होता. डोळ्यांना दिसत नाही, पण हात त्यातून आत गेला की मशीनला कळतं आणि ठोकळा जिथल्या तिथे थांबतो. कानसेनने ताईला ते समजावलं. पुठ्ठ्याची एक नळी आत घालून दाखवली. ठोकळा अर्ध्यात थांबला.

ताई म्हणाली, "पुठ्ठा नको दादा. तुमचा हात घाला."

त्याने पेडल दाबलं आणि स्वतःचा उजवा हात आत घातला. मशीन थांबलं. ताईने स्टूल ओढलं आणि बसली.

हे त्यानेच मला परत आल्यावर सांगितलं होतं. वर म्हणाला, "बाई पक्की आहे. आपल्याकडच्या साहेबांनी असं कधी विचारलं नसतं."

आता यातली एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. प्रेस कितीही चांगला असला तरी थांबायला त्याला वेळ लागतो. सेकंदाचा पाचवा हिस्सा वगैरे. तेवढ्या वेळात हात साच्यापर्यंत पोचू नये इतक्या अंतरावर तो पडदा लावतात. ब्रेकचं लायनर झिजलं की थांबायचा वेळ वाढतो. मग पडदा मागे सरकवायचा, नाहीतर लायनर बदलायचं. तिसरा रस्ता नाही. सतरा नंबरला दोनशे मिलिसेकंदांची, म्हणजे तेवढ्याच पाचव्या हिश्श्याची, मर्यादा घातली होती. वेळ त्यापुढे गेला की मशीन आपणहून कुलूप लावून घेणार.

एका मंगळवारी सकाळी ते कुलूप लागलं. आकडा होता दोनशे सात. कानसेनने अर्ध्या तासाने वरच्या खोलीतूनच ते काढून पाहिलं, दहा ठोक्यांत परत लागलं. दोनशे बारा.

शेडच्या मालकाचा फोन थेट टक्केसाहेबांना गेला. साहेब त्या खोलीत आले आणि कानसेनच्या खुर्चीमागे उभे राहिले. तिथूनच मला फोन लावला.

"ब्रेक लायनर आहे का सतरासाठी?"

"शिल्लक नाही साहेब. नऊ दिवसांनी येतायत."

"एकही नाही?"

"एक आहे. पण पिवळ्या चिठ्ठीचा. राखीव आहे."

चाळीस प्रेसवाल्या गिऱ्हाइकाचा होता तो. त्यांचं काही बिघडलेलं नव्हतं. बिघडलं तर असावा म्हणून ठेवलेला.

"मग राखीवच राहू दे," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढचं कानसेनने मला दुपारी सांगितलं, शब्द न् शब्द. तो म्हणाला होता, "साहेब, मला जाऊ द्या. पडदा वीतभर मागे सरकवतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"अर्धा दिवस मशीन बंद, वर तुमचा प्रवास. या महिन्याची दोन टक्क्यांची सवड संपली आहे आपली. मर्यादा तीनशे करा."

"पडदा दोनशेच्या हिशोबाने लावलाय साहेब."

"थांबतं ना मशीन? न थांबण्याचा प्रश्न आहे का?"

"थांबतं. उशिरा थांबतं."

"सेकंदाच्या कितव्या हिश्श्याबद्दल बोलताय तुम्ही? नऊ दिवसांचा तर प्रश्न आहे. करा."

साहेबांनी आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर कदाचित हा अडून बसला असता. तो म्हणाला, ते अगदी मवाळपणे बोलत होते, पाठीवर हात ठेवून. मर्यादा बदलायला ज्याचा त्याचा पासवर्ड लागतो. याने आपला टाकला. दोनशेच्या जागी तीनशे लिहिलं. साहेब "छान" म्हणाले आणि गेले.

मग याने शेडच्या सुपरवायझरला फोन केला. "पडद्यावर विसंबू नका. हात आत घालायचा नाही म्हणावं, काहीही अडकलं तरी."

"हो हो, सांगतो."

"ताईंनाच द्या ना फोन."

"मशीन आत्ताच चालू झालंय. सकाळपासून खोळंबलो होतो. आता कुठे तिला उठवू? सांगतो मी."

डबा उघडून तो नुसता बसला होता. मी म्हटलं, "नऊ दिवस काय, बघता बघता जातील."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुझ्याकडे एक होता ना?"

"राखीव होता रे."

त्याने डब्याचं झाकण लावलं.

त्यानंतरचे पाच दिवस तो सतरा नंबरचाच आकडा बघत बसायचा. दोनशे तीस. दोनशे एक्केचाळीस. दोनशे अठ्ठावन्न. दोनदा त्याने साहेबांना लिहून कळवलं. दोन्ही वेळा उत्तर आलं की गुरुवारी भाग येतोय, नोंद घेतली आहे.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास सतरा नंबर थांबला. कारण आलं: पडद्यात अडथळा. असं दिवसातून चार-पाचदा व्हायचंच, कुणाची बाही मध्ये यायची, दोन सेकंदांत हिरवं व्हायचं. या वेळी झालं नाही. एक मिनिट. चार मिनिटं. त्याने शेडला फोन लावला. घंटा वाजत राहिली. परत लावला.

मग तो खाली आला आणि माझ्या स्टोअरच्या खिडकीशी उभा राहिला. मला वाटलं काही मागायला आलाय. मी पावतीपुस्तक ओढलं.

"सतरा नंबर," एवढंच म्हणाला.

पत्रा तिरका बसला होता. ताईने पेडल दाबलं आणि त्याच क्षणी तिला तो तिरका दिसला. हात आपसूक गेला. हजारदा गेला असेल यापूर्वी, आणि दर वेळी मशीन थांबलं होतं. त्या दिवशीही थांबलं. पण उशिरा. उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा राहिला.

कंपनीत काय झालं ते सांगतो, कारण ते माझ्या हातून झालं. करारात होतं की मशीन निकामी झालं तर आठ तासांत दुसरं द्यायचं. दुपारी एकला ट्रक भरला. बोल्ट, पट्टे, तेल, सगळं मीच मोजून दिलं. टक्केसाहेब स्वतः खाली आले आणि पिवळ्या चिठ्ठीचा तो लायनरचा संचही सोबत द्या म्हणाले, खबरदारी म्हणून. सही केली आणि घेऊन गेले. मी दिला. सरकारी निरीक्षकाने सतरा नंबरला सील लावलं होतं, म्हणून नवा प्रेस त्याच्या शेजारी बसवला. सहाच्या आत ठोके सुरू झाले. त्यावर दुसरी बाई बसवली होती. अपघातात गेलेले तास करारात मोजत नसत, त्यामुळे त्या महिन्यात आमचे अठ्ठ्याण्णव टक्के पूर्ण झाले.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं इस्पितळात गेलो. बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. मी दोनदा विषय काढला, त्याने मान हलवली.

वॉर्डाच्या दाराशी ताईची थोरली बहीण भेटली. "कोण आपण?"

"मशीनकडचे," कानसेन म्हणाला. दुसरं काय सांगणार?

"शेडचे?"

"नाही. मशीन ज्यांचं आहे ते."

बहिणीने आम्हाला आत सोडलं ते बहुधा काही न कळल्यामुळे. ताई उशीला टेकून बसली होती. हाताला कोपरापर्यंत पट्टी. तिने त्याला लगेच ओळखलं.

"दादा, बसा."

तो बसला नाही. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. मर्यादा कुठली, कशासाठी, कुणी वाढवली. "माझ्या हाताने केलं मी. मला माहीत होतं. सुपरवायझरला फोन केला होता, तुमच्याशी बोलायला मागितलं होतं, पण नाही दिला त्यांनी. मी परत करायला हवा होता. नाही केला."

ताईने पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला कुणी काही सांगितलं नाही."

"हो."

"तुमचा हात बघून मी त्या स्टुलावर बसले होते."

बहीण मध्ये पडली, "आता हे सांगून काय उपयोग? तिला त्रास कशाला देता? जा तुम्ही."

"थांब गं," ताई म्हणाली. मग त्याला म्हणाली, "माफी वगैरे मागू नका माझ्याकडे. ती माझ्याजवळ नाहीये. हे जे मला सांगितलंत ते त्या सरकारी माणसाला सांगा. तो काल येऊन गेला. मालक म्हणतायत मी बेपर्वाईने हात घातला. सगळे तेच म्हणतायत. आणखी दोन दिवस ऐकलं तर मलाही तसंच वाटायला लागेल."

"सांगतो," तो म्हणाला.

परतीच्या बसमध्ये त्याने मला पहिल्यांदा विचारलं, "तुझा जबाब झाला ना काल? काय सांगितलंस?"

"लायनरचा संच शिल्लक होता का विचारलं. कंप्युटरवर शून्य होतं, तेच सांगितलं."

राखीव माल कंप्युटरवर शिल्लक दिसत नाही. म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो. हे मी त्याला समजावूनही सांगितलं, दोनदा. तो ऐकत होता, डोळे मिटून, फोनवर मशीन ऐकायचा तसा. उतरताना फक्त म्हणाला, "वहिनींना विचार." माझ्या बायकोला.

मी घरी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग होता की नव्हता?"

दुसऱ्या दिवशी कामावर न जाता मी निरीक्षकाच्या कचेरीत गेलो. कानसेन आधीच बाकावर बसला होता. त्याने आपलं सांगितलं, मी माझं. पिवळी चिठ्ठी, फोन, ट्रक, साहेबांची सही. निरीक्षक तरुण होता, थकलेला दिसत होता. त्याच्या टेबलावर अशाच फायलींचा ढीग होता. त्याने कानसेनला विचारलं, "साहेबांनी मर्यादा वाढवायला सांगितलं, हे कुठे लिहिलेलं आहे?"

"नाही. मागे उभे राहून सांगितलं."

"आणि पासवर्ड?"

"माझा."

निरीक्षकाने पेन खाली ठेवलं. "मालक म्हणतात, मशीन त्यांचं नाही, त्याला पाना लावायचीही त्यांना परवानगी नाही. कंपनी म्हणते, बाई त्यांची नाही, त्यांचं फक्त मशीन. मी कागदावर कुणाचं नाव लिहू, तुम्हीच सांगा."

"माझं लिहा," कानसेन म्हणाला. "पण एकट्याचं नको."

आठवड्याभरात आम्हाला दोघांनाही काढलं. त्याला अनधिकृत बदल केल्याबद्दल, मला गोपनीय माहिती बाहेर दिल्याबद्दल. त्याच्या दोन लेखी सूचना कंपनीच्या यंत्रणेत सापडत नव्हत्या. त्याने त्यांचे फोटो काढून ठेवले होते म्हणून त्या निरीक्षकाच्या फायलीत गेल्या. टक्केसाहेबांची बदली दुसऱ्या विभागात झाली, मोठ्या खुर्चीवर. जाताना ते मला म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." मला वाटतं ते मनापासून बोलत होते.

कानसेनला कुणी काम देईना. ज्याच्या नावावर खटला आहे अशा फिटरला मशीनजवळ कोण येऊ देणार? त्याची बायको शिवणकाम करायची, त्यावर घर चाललं. मला एका बांधकामाच्या गोदामात नोकरी लागली. तो कधी कधी तिथे येऊन बसायचा. एकदा मी म्हटलं, "निदान खरं तरी सांगितलंस."

"नऊ दिवस उशिरा," तो म्हणाला. "मीही थांबलोच. उशिरा."

सुनावणीची पहिली तारीख दीड वर्षाने लागली. कोर्टाची खोली लहान होती, पंखा होता पण फिरत नव्हता. आरोपींच्या यादीत पहिलं नाव कानसेनचं. मग शेडचा मालक, मग सुपरवायझर. कंपनी चौथी, आणि तीही आमच्या दोघांच्या जबाबांमुळे. टक्केसाहेबांचं नाव नव्हतं. कंपनीचे तीन वकील आले होते, मालकाचा एक. कानसेनने वकील घेतला नव्हता. त्याला विचारलं, आरोप मान्य आहे का? तो म्हणाला, "माझ्यापुरता आहे." न्यायाधीशांनी त्याला वकील देण्याचा हुकूम केला आणि दोन महिन्यांनंतरची तारीख दिली. सगळं मिळून पंधरा मिनिटं.

ताई बहिणीबरोबर पलीकडच्या बाकावर होती. बिजागऱ्यांच्या शेडमध्येच ती आता पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची, निम्म्या पगारावर. उजवा हात पदराखाली होता. तिने आमच्याकडे पाहिलं, मान हलवली नाही, नजरही वळवली नाही.

निघताना हजेरीच्या कागदावर सह्या घेत होते. कारकुनाने तिच्याकडे पाहून शाईचा डबा पुढे केला. "अंगठा चालेल बाई."

"सही करते," ती म्हणाली.

तिने डाव्या हातात पेन घेतलं. कागद हलत होता, बहिणीने कोपरा धरला. पहिलं अक्षर मोठं झालं, दुसरं ओळीखाली गेलं. मागे तिन्ही वकील, मालक, सुपरवायझर, कानसेन आणि मी, सगळे रांगेत उभे होतो. एका वकिलाने घड्याळ पाहिलं. ती सावकाश लिहीत राहिली, नाव, मग आडनाव, पूर्ण.